परराष्ट्रमंत्र्यांना संसदेत विचारलेला प्रश्न कसा वाचावा आणि कसा विचारावा: गोव्यातल्या नवख्यांसाठी

पर्वरीला विधानसभेचे अधिवेशन सुरू झाले की गोव्यातली वर्तमानपत्रे एलएक्यूंच्या, म्हणजे आमदारांनी विधानसभेत विचारलेल्या प्रश्नांच्या, उत्तरांनी भरून जातात. जमीन रूपांतरण, नोकरभरती, पाणीपुरवठा, खाणी, सगळ्याचे आकडे त्यातूनच बाहेर येतात. त्यामुळे लेखी उत्तराची ताकद गोंयकाराला नव्याने सांगावी लागत नाही. पण घरातला मुलगा कुवेतला, नवरा क्रूझवर आणि बहीण इंग्लंडमधल्या स्विंडनला असली की तिच्या किंवा त्याच्या अडचणीचे उत्तर पर्वरीला मिळत नाही. परराष्ट्र व्यवहार, पासपोर्ट आणि नागरिकत्व हे विषय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत संघसूचीत आहेत. त्यावर जाब विचारायची जागा दिल्ली, आणि जाब देणारा माणूस परराष्ट्रमंत्री.

परराष्ट्र धोरण म्हणजे मोठ्या लोकांच्या मोठ्या बैठका, अशी आपली समजूत असते. २०२३च्या मे महिन्यात शांघाय सहकार्य संघटनेच्या परराष्ट्रमंत्र्यांची बैठक बाणावलीत झाली, तेव्हा सासष्टीतल्या लोकांनी ताफे पाहिले आणि विषय संपला. खरे तर त्याच बाणावलीत, कोलव्यात, वेळसावात, आणि तिकडे बार्देश-पेडण्यातही असे वाडे आहेत, जिथे परराष्ट्र मंत्रालयाच्या एका परिपत्रकाने घराचे सगळे गणित बदलते. म्हणून संसदेतली प्रश्नोत्तरे वाचायची सवय गोव्यात इतर राज्यांपेक्षा जास्त असायला हवी असे मला मनापासून वाटते. हा लेख त्यासाठीच आहे: पत्रकारितेत नव्याने आलेल्यांसाठी, महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी, तारवट्यांच्या, म्हणजे बोटींवर काम करणाऱ्या खलाशांच्या, संघटनेत काम करणाऱ्यांसाठी आणि पंचायतीत लोकांचे अर्ज लिहून देणाऱ्यांसाठी.

आधी दिवस आणि वेळ

लोकसभेत सकाळी ११ ते १२ हा प्रश्नोत्तराचा तास. राज्यसभेत तो दुपारी १२ ते १ असतो. पूर्वी तिथेही सकाळीच असायचा, २०१४च्या अखेरीस वेळ बदलली. सगळी मंत्रालये गटांत वाटून प्रत्येक गटाला आठवड्यातला एक दिवस ठरवून देतात. अलीकडच्या अधिवेशनांत परराष्ट्र मंत्रालयाचा दिवस लोकसभेत शुक्रवार आणि राज्यसभेत गुरुवार असा राहिला आहे. प्रत्येक अधिवेशनापूर्वी वेळापत्रक निघते, ते एकदा तपासून घ्या आणि तेवढे दोन दिवस कॅलेंडरवर खूण करून ठेवा. रोज संसद पाहत बसण्याची गरज नाही.

परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर हे गुजरातमधून राज्यसभेवर गेलेले आहेत, मग ते लोकसभेत कसे उत्तर देतात, हा प्रश्न नवखा माणूस हमखास विचारतो. घटनेच्या ८८व्या अनुच्छेदानुसार मंत्र्याला दोन्ही सभागृहांत बोलता येते. मतदान मात्र स्वतःच्या सभागृहातच. लेखी उत्तरांवर बहुतेक वेळा राज्यमंत्र्यांचे, म्हणजे सध्या कीर्तीवर्धन सिंह किंवा पबित्र मार्गेरिटा यांचे नाव दिसेल. उत्तर मंत्रालयाचेच असते, त्यामुळे खाली कोणाचे नाव आहे यावरून त्याची किंमत कमी-जास्त करू नका.

तारांकित की अतारांकित

तारांकित प्रश्नाचे उत्तर मंत्री उभे राहून देतात आणि त्यावर पूरक प्रश्न विचारता येतात. लोकसभेत दिवसाला २० तारांकित प्रश्न यादीत येतात, राज्यसभेत १५. अतारांकित प्रश्नाचे उत्तर फक्त लेखी मिळते. लोकसभेत दिवसाला २३० आणि राज्यसभेत १६० पर्यंत. यादीत कोणाचा नंबर लागणार हे सोडतीवर ठरते. एका तासात २० तारांकित प्रश्न होत नाहीत, जेमतेम पाच-सहा होतात. उरलेल्यांची उत्तरे लेखी स्वरूपात पटलावर जातात.

टीव्हीवर दिसते ते तारांकित. त्यात चकमक असते, टाळ्या असतात, मंत्र्यांचे हजरजबाबी वाक्य दुसऱ्या दिवशी मोबाईलवर फिरते. पण तुम्हाला काम करायचे असेल तर अतारांकित उत्तर हाताशी धरा. त्यात (क), (ख) असे उपविभाग असतात, आकडे असतात, जोडपत्रात देशवार तक्ता असतो, आणि ते उत्तर मंत्रालयाला पुढे वर्षानुवर्षे बांधून ठेवते. एखाद्या तारवट्याच्या घरच्यांना दूतावासाशी पत्रव्यवहार करताना टीव्हीवरच्या क्लिपचा काडीचा उपयोग नाही. प्रश्न क्रमांक आणि तारीख असलेल्या लेखी उत्तराचा आहे.

उत्तर शोधायचे कुठे

दोन ठिकाणे पुरेशी आहेत. एक, ‘डिजिटल संसद’ हे संसदेचे संकेतस्थळ: तिथे सभागृह निवडा, प्रश्नांचा विभाग उघडा, मंत्रालयाच्या जागी परराष्ट्र मंत्रालय निवडा आणि मग विषयाचा शब्द टाका. दोन, परराष्ट्र मंत्रालयाच्या स्वतःच्या संकेतस्थळावरचा संसदीय प्रश्नोत्तरांचा विभाग. दुसरे ठिकाण नवख्यांना सोपे जाते, कारण तिथे तारखेनुसार एकाखाली एक शीर्षके दिसतात.

शोधताना ‘गोवा’ हा एकच शब्द टाकून थांबू नका. आपल्या कामाची कितीतरी उत्तरे केरळ, पंजाब, तेलंगणा किंवा तमिळनाडूच्या खासदारांच्या प्रश्नांत सापडतात. आखातातल्या कामगारांविषयी केरळचे खासदार इतके सातत्याने विचारतात की त्यांची उत्तरे ओळीने वाचली तर विषयाचा पायाच पक्का होतो. खलाशी, परदेशातील कैदी, पार्थिव मायदेशी आणणे, बेकायदा एजंट, पासपोर्ट रद्द होणे, नागरिकत्व सोडणे, असे शब्द हिंदी आणि इंग्रजी दोन्हींत टाकून पाहा. उत्तरे या दोन भाषांतच मिळतात. आकड्यांसाठी दोन्ही प्रती शेजारी ठेवून वाचलेल्या बऱ्या, कारण सरकारी हिंदी कधी कधी इतकी अवघड असते की अर्थ इंग्रजी प्रतीत पाहिल्यावरच लागतो.

उत्तर ओळीगणिक वाचणे

यावर मला जास्त वेळ द्यायचा आहे, कारण गोव्यातल्या बातम्यांत सर्वाधिक घोळ इथेच होतो.

एक खरे उदाहरण घेऊ. परदेशातल्या तुरुंगांत किती भारतीय आहेत, हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक अधिवेशनात येतो. २०२५च्या सुरुवातीला मंत्रालयाने दिलेला आकडा १०,१५२ होता, कच्चे कैदी धरून. या आकड्याआधी तीन-चार शब्द असतात: ‘मंत्रालयाकडे उपलब्ध माहितीनुसार’. त्यावरून घाईने पुढे जाऊ नका. त्याच उत्तरात पुढे म्हटलेले असते की अनेक देशांत खासगीपणाचे कायदे कडक आहेत आणि कैद्याने स्वतः संमती दिल्याशिवाय तिथले अधिकारी त्याची माहिती देत नाहीत. म्हणजे १०,१५२ ही तुरुंगांतल्या भारतीयांची पूर्ण संख्या नव्हे, ती भारतीय दूतावासांना कळलेली संख्या आहे. बातमी लिहिताना ‘परदेशात १०,१५२ भारतीय तुरुंगात’ आणि ‘किमान १०,१५२ भारतीय तुरुंगात असल्याची मंत्रालयाकडे नोंद’ या दोन वाक्यांत फरक आहे, आणि दुसरे वाक्यच खरे आहे. घरच्यांसाठीही यात एक उपयोगी गोष्ट दडलेली आहे: आपला माणूस पकडला गेला तर दूतावासाला माहिती कळवायला त्याने संमती द्यावी, हे त्याच्यापर्यंत लवकरात लवकर पोहोचवायचे.

दुसरे उदाहरण गोव्याच्या जिव्हाळ्याचे. भारतीय नागरिकत्व सोडणाऱ्यांची वर्षवार संख्या मंत्रालयाने अनेकदा संसदेत दिली आहे. २०२२ साली २,२५,६२० आणि २०२३ साली २,१६,२१९. हे आकडे देशाचे आहेत. त्यातून गोव्याचा आकडा स्वतःच अंदाजाने काढून छापू नये. नागरिकत्व कायदा, १९५५च्या कलम ९नुसार स्वेच्छेने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले की भारतीय नागरिकत्व संपते. पण पोर्तुगीज नागरिकत्वासाठी लिस्बनमध्ये जन्मनोंदणी केलेल्या माणसाचे काय, पासपोर्ट जमा करायचा की तो रद्द होणार, आणि त्यावर ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक म्हणून नोंदणी) मिळणार की नाही, या सगळ्या वेगवेगळ्या पायऱ्या आहेत. वरच्या आकड्यात त्यातली कोणती पायरी मोजली आहे हे उत्तरातल्या शब्दांवरून ठरवायचे.

आता काही ठरलेली वाक्ये. ‘सरकार घडामोडींवर बारकाईने लक्ष ठेवून आहे’ याचा अर्थ अजून सांगण्यासारखी कृती नाही, किंवा सांगायची नाही. ‘हा विषय संबंधित देशाकडे उपस्थित करण्यात आला आहे’ असे असेल तर पुढचे शब्द शोधा: कोणत्या पातळीवर? राजदूतांच्या, परराष्ट्र सचिवांच्या की मंत्र्यांच्या? पातळी लिहिलेली असेल तर उत्तर वजनदार, नसेल तर पूरक प्रश्नाला जागा आहे. ‘प्रश्न उद्भवत नाही’ हे दिसले की आधीच्या उपविभागाचे उत्तर पुन्हा वाचा. तिथे ‘नाही’ म्हटलेले असते आणि त्यामुळे पुढचे सगळे उपविभाग एका फटक्यात बाद होतात. प्रश्न नीट बांधला नाही की हे हमखास घडते. ‘अशी माहिती एकत्रित ठेवली जात नाही’ हेही एक उत्तरच आहे, आणि बातमीही. ज्या राज्यातून इतके लोक बोटींवर जातात, त्या राज्याची स्वतंत्र नोंद दिल्लीत नाही, हे कळणे छोटे नाही.

त्रोटक उत्तर म्हणजे दर वेळी टाळाटाळ, असेही समजू नका. कतारमध्ये नौदलाचे आठ माजी कर्मचारी ऑगस्ट २०२२पासून कैदेत होते. ऑक्टोबर २०२३मध्ये त्यांना फाशीची शिक्षा झाली, डिसेंबरमध्ये ती कमी झाली आणि फेब्रुवारी २०२४मध्ये सगळे सुटले. अशा काळात मंत्र्याने सभागृहात जास्त बोलणे कैद्यांच्या जिवावर बेतू शकते. तेव्हा घरच्यांच्या बाजूने विचार करायचा: सुटका आधी, तपशील नंतर.

प्रश्न कोण विचारू शकतो

नागरिकाला थेट विचारता येत नाही, खासदारामार्फतच विचारावा लागतो. गोव्याला लोकसभेच्या दोन जागा आणि राज्यसभेची एक. त्यातले उत्तर गोव्याचे श्रीपाद नाईक केंद्रात राज्यमंत्री आहेत, आणि मंत्री सरकारला प्रश्न विचारत नाहीत. त्यामुळे गोव्याच्या वतीने प्रश्न टाकू शकणारे दोघेच उरतात: दक्षिण गोव्याचे विरियातो फर्नांडिस लोकसभेत आणि सदानंद शेट तानावडे राज्यसभेत. एक विरोधी पक्षाचे, एक सत्ताधारी पक्षाचे. कामाच्या दृष्टीने दोघांकडेही जा. पक्षाचा झेंडा पाहून एकाकडेच कागद देणे म्हणजे अर्धी संधी स्वतःहून घालवणे. याशिवाय खासदाराला आपल्याच मतदारसंघापुरते विचारावे असे बंधन नाही. शेजारच्या सिंधुदुर्गाच्या किंवा कारवारच्या खासदारालाही तुमचा प्रश्न विचारता येतो, आणि सीमेच्या दोन्ही बाजूंची मुले त्याच एजंटांकडून आखातात जातात, हे त्यांनाही ठाऊक असते.

नोटीस किमान पूर्ण १५ दिवस आधी द्यावी लागते. तुम्ही मात्र अधिवेशन सुरू होण्याच्या महिनाभर आधीच खासदारांच्या कार्यालयात पोहोचा. अर्थसंकल्पी अधिवेशन जानेवारीच्या अखेरीस किंवा फेब्रुवारीत, पावसाळी साधारण जुलैत आणि हिवाळी नोव्हेंबर-डिसेंबरात. त्याप्रमाणे मागे मोजा. भेट पीएशी होईल, खासदारांशी नाही, आणि त्याचे वाईट वाटून घेऊ नका. प्रश्नाचा मसुदा संगणकावर चढवणारा माणूस तोच असतो.

कोणत्या मंत्रालयाला

गोव्याचे बरेच चांगले प्रश्न इथे फुकट जातात. पासपोर्ट कायदा, १९६७खालचे सगळे काम परराष्ट्र मंत्रालयाचे: पासपोर्ट देणे, रोखणे, रद्द करणे, पणजीतल्या पासपोर्ट कार्यालयातला विलंब. ओसीआय आणि नागरिकत्व कायदा मात्र गृह मंत्रालयाकडे. खलाशाचे सीडीसी (बोटीवरच्या नोकरीची नोंदवही), त्याला बोटीवर पाठवणाऱ्या कंपनीचा परवाना, कराराच्या अटी हे नौवहन महासंचालनालयाकडे, म्हणजे बंदरे, नौवहन व जलमार्ग मंत्रालयाकडे. तोच खलाशी परदेशी बंदरात अडकला, पकडला गेला किंवा दगावला, की दूतावास मधे येतो आणि विषय परराष्ट्र मंत्रालयाचा होतो. आखातात कामाला जाणाऱ्याचे स्थलांतर, १९८३चा उत्प्रवासन कायदा, ई-मायग्रेट हे त्यासाठीचे संकेतस्थळ, एजंटांची नोंदणी हेही परराष्ट्र मंत्रालयाकडेच. अनिवासी भारतीयांचे वेगळे मंत्रालय २०१६मध्ये यातच विलीन झाले. विषय दोन मंत्रालयांत विभागलेला असेल तर दोन वेगळे प्रश्न करा. एकाच प्रश्नात दोघांना कोंबलेत तर उत्तर ‘हा विषय अमुक मंत्रालयाच्या अखत्यारीत आहे’ असे येते आणि अधिवेशन निघून जाते.

मसुदा

लोकांनी लिहून आणलेला प्रश्न साधारण असा असतो: ‘गोव्याचे तारवटी परदेशात हाल सोसत असताना सरकार झोपले आहे काय?’ यातली कळकळ खरी आहे, पण हा प्रश्न दाखल होणार नाही. नियमांनुसार प्रश्नात युक्तिवाद, निष्कर्ष, उपरोध किंवा आरोप चालत नाही. गोपनीय बाबी, न्यायप्रविष्ट विषय, ‘समजा असे झाले तर’ असे काल्पनिक प्रश्न चालत नाहीत. मित्रदेशाचा उल्लेख अनादराने करता येत नाही; हा नियम परराष्ट्र विषयात फार महत्त्वाचा. ‘अमुक देश कामगारांना गुलामासारखे वागवतो’ असे लिहिलेत की कागद परत. लोकसभेत लांबीची मर्यादा सर्वसाधारणपणे १५० शब्द.

तोच विषय असा मांडा:

परराष्ट्रमंत्री कृपया सांगतील काय की,
(क) गेल्या तीन वर्षांत परदेशी बंदरांत अडकलेल्या भारतीय खलाशांनी भारतीय दूतावासांकडे केलेल्या मदतीच्या विनंत्यांची वर्षवार व देशवार संख्या किती;
(ख) त्यांपैकी किती जणांना मायदेशी आणण्यात आले आणि त्यासाठी भारतीय समुदाय कल्याण निधीतून किती रक्कम खर्च झाली;
(ग) अशा विनंत्यांची राज्यवार नोंद ठेवली जाते काय, ठेवली जात असल्यास गोव्याची संख्या किती, नसल्यास त्याची कारणे कोणती;
(घ) प्रलंबित विनंत्या किती आणि त्यातली सर्वात जुनी कोणत्या महिन्यातली आहे?

रचना पाहा. (क) मध्ये ‘विनंत्या’ मोजायला सांगितल्या आहेत, ‘हाल’ नव्हे. विनंतीची नोंद दूतावासात असतेच. (ख) मध्ये निधीचे नाव घेतले आहे. हा निधी २००९पासून आहे, त्यामुळे ‘अशी तरतूद नाही’ म्हणून सुटता येत नाही. (ग) मध्ये ‘नाही’ असे उत्तर आले तरी कारण द्यावे लागते, म्हणजे ‘प्रश्न उद्भवत नाही’ची वाट बंद. आणि (घ) हा माझ्या दृष्टीने सगळ्यात धारदार भाग: सरासरी विचारली तर सरासरीत सगळे बुडते, सर्वात जुने प्रकरण विचारले की कोणाची तरी फाईल त्याच आठवड्यात उघडली जाते.

मसुद्यासोबत एका पानाची टिपणी द्या: विषय काय, याआधी कोणत्या तारखेला काय उत्तर मिळाले होते, त्यात काय राहिले. आधी उत्तर दिलेला प्रश्न जसाच्या तसा पुन्हा चालत नाही, म्हणून हे शेवटचे महत्त्वाचे. पीडित कुटुंबाचे नाव, पासपोर्ट क्रमांक प्रश्नात घालू नका.

आणि एक गोष्ट आधीच स्पष्ट करून घ्या. आज कोणी तुरुंगात आहे, आज कोणाचे पार्थिव शवागारात आहे, तर संसदेच्या प्रश्नाची वाट पाहायची नाही. दूतावासाला फोन, परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ या तक्रार पोर्टलवर तक्रार, खासदारांचे मंत्र्यांना थेट पत्र आणि राज्याच्या अनिवासी भारतीय विभागाला कळवणे, हे सगळे त्याच दिवशी. प्रश्न ही दुसरी, संथ वाट आहे. ती धोरण बदलायला उपयोगी पडते.

तास संपल्यावर

तारांकित प्रश्न पुकारला गेला तर मूळ विचारणाऱ्याला दोन पूरक प्रश्न मिळतात. ते आधीच लिहून द्या, एकेका वाक्याचे. तातडीचे असेल तर नोटिशीच्या लांब मुदतीशिवाय विषय मांडायच्या वाटा आहेत: शून्य प्रहर, लोकसभेत नियम ३७७, राज्यसभेत विशेष उल्लेख. कधी मंत्री स्वतःहून निवेदन करतात: अमेरिकेने १०४ भारतीयांना लष्करी विमानाने अमृतसरला पाठवले, त्याच्या दुसऱ्या दिवशी, ६ फेब्रुवारी २०२५ला, जयशंकर यांनी राज्यसभेत निवेदन केले आणि २००९पासूनचे परत पाठवणीचे वर्षवार आकडेही दिले. एरवी प्रश्न विचारून मिळायला अधिवेशन गेले असते, असा तक्ता एका दुपारी समोर आला. म्हणून निवेदनेही वाचत चला.

लेखी उत्तरात ‘माहिती गोळा केली जात आहे व ती सभागृहाच्या पटलावर ठेवली जाईल’ किंवा ‘विषय विचाराधीन आहे’ असे असेल, तर ते आश्वासन धरले जाऊ शकते. दोन्ही सभागृहांच्या सरकारी आश्वासन समित्या अशा वाक्यांचा पाठपुरावा करतात, लोकसभेची समिती १९५३पासून आहे, आणि आश्वासन पाळायला साधारण तीन महिन्यांची मुदत असते. तीन महिने झाले की खासदारांच्या पीएला आठवण करून द्यायची, हे काम तुमचे. माहिती अधिकाराचा अर्जही याच वेळी टाकता येतो, दहा रुपयांत. मात्र परराष्ट्र संबंधांना बाधा येईल अशी माहिती कलम ८(१)(क)खाली नाकारता येते, म्हणून अर्जात धोरण नको, संख्या आणि तारखा मागा.

कोणाला या विषयाची खरोखर गोडी लागली तर संसदेच्या डिजिटल ग्रंथालयात १९५५ सालचे लोकसभेतले वादविवाद काढून वाचावेत. परराष्ट्र खाते तेव्हा पंतप्रधान नेहरूंनी स्वतःकडे ठेवले होते, त्यामुळे गोव्याविषयीचे प्रश्न थेट त्यांच्याकडे जात. त्याच वर्षी लोकसभेचे एक सदस्य, त्रिदिब चौधरी, सत्याग्रह करून गोव्यात पोर्तुगीजांच्या तुरुंगात गेले होते. तेव्हा गोवा हाच परराष्ट्र खात्याचा विषय होता, गोव्याचा खासदार मात्र सभागृहात नव्हता. दुसऱ्या राज्यांच्या खासदारांनी आपल्यासाठी प्रश्न कसे विचारले, हे त्या पानांत पाहायला मिळते.

कामाची शेवटची सूचना नोंदीविषयी. प्रत्येक उत्तराची प्रत उतरवून घेताना फाईलच्या नावात सभागृह, तारांकित की अतारांकित, प्रश्न क्रमांक आणि उत्तराची तारीख या चार गोष्टी लिहा. क्रमांक प्रत्येक अधिवेशनात पुन्हा सुरू होतात, त्यामुळे तारखेशिवाय नुसता क्रमांक निरुपयोगी ठरतो. पुढच्या अधिवेशनाचा मसुदा लिहायला बसाल तेव्हा पहिला उपविभाग याच नोंदीवरून सुरू करा: ‘अमुक तारखेच्या अतारांकित प्रश्न क्रमांक अमुकच्या उत्तराच्या संदर्भात…’